तांदळातले अक्षर

ताटातल्या तांदळावर नाव उमटले होते आणि कुणीच बोलत नव्हते.

साईनाथच्या डाव्या हातात सोन्याची अंगठी अजून तशीच धरलेली होती. मंगलकार्यात डावा हात पाहून त्याच्या आत्याने, कलावतीने, मघाशीच ओठ मुडपले होते. पण कारखान्यातल्या यंत्राखाली उजवा पंजा सापडल्यापासून त्याची बोटे मिटत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून ही शांतता त्या हाताची आहे, असेच प्रत्येक जण धरून चालला होता. ती नवरीपासून सुरू झाली होती. नाव वाचून विशाखाने हसायला हवे होते, आणि ती हसली नव्हती.

सकाळी ठाण्याला लग्नाची नोंदणी झाली होती; आता कोपरच्या घरात लक्ष्मीपूजन चालले होते. नाव बदलायचे नाही, ही तिची एकच अट होती. याच घरात तिची थोरली बहीण रुपाली साईनाथची पहिली बायको म्हणून नांदली होती, आणि इथेच आजारपणात संपली होती. आपल्याला तिच्या जागी बसवले जाऊ नये, या घराने आपल्याला विशाखा म्हणूनच ओळखावे, एवढेच विशाखाला हवे होते. साईनाथने ते मान्य केले होते, आणि शब्द पाळला होता. तांदळात ‘विशाखा’ असेच लिहिले होते.

फक्त अक्षर रुपालीचे होते.

रुपाली वरची रेघ आधी ओढायची, दोरी बांधावी तशी, आणि मग खाली अक्षरे टांगायची. ती रेघेपर्यंत कधी पोचत नसत. मध्ये एक अरुंद उजेड राहायचा. ‘श’ची गाठ मोठी, सैल. शब्द शेवटाकडे जरासा उतरायचा, थकल्यासारखा. हे सारे त्या ताटात होते. दाणे सरकून पितळेचा तळ दिसत होता, आणि विशाखाला वाटले, कुणीतरी तळाच्या पलीकडून हे लिहीत वर आले आहे.

“काय गं, आवडलं नाही का?” सासूबाईंनी विचारले. “किती सुबक काढलंय.”

“भावोजी, पुन्हा लिहाल?”

कलावती फिसकन हसली. “अगं, भावोजी काय? जन्मभर मेहुणीच राहणार आहेस की काय?”

साईनाथने तळहाताने तांदूळ सपाट केले. पुन्हा आधी रेघ आली. पुन्हा तो अरुंद उजेड.

“तुमचं लिहा ना,” ती हळू म्हणाली.

“माझंच आहे.” त्याने वर पाहिले नाही. “या हाताला दुसरं येत नाही.”

ते तिला माहीत होते. पण नुसते माहीत होते. अपघातानंतर रुपालीने त्याचा डावा हात हातात धरून त्याला ‘अ’पासून लिहायला शिकवले होते. फोनवर ती हसत प्रगती सांगायची, आणि विशाखा ते औषधपाण्याच्या बातमीसारखे ऐकायची. हाताला शिकवणे म्हणजे त्या हातात राहायला जाणे, हे तिच्या कधी ध्यानात आले नव्हते.

तिने पुढे सरकून त्याची मूठ आपल्या हातात घेतली.

“असं नसतं हो आपल्यात,” कलावती म्हणाली.

“असू दे, वन्सं. हौस आहे पोरीची.”

अंगठी तांदळात टेकली. विशाखाने आपला ‘व’ वळवायला घेतला, पण मूठ वळली नाही. मूठ जोर करत नव्हती. पाण्याला उतार ठाऊक असावा, तशी ती आडवी निघाली, आणि विशाखाची बोटे मागोमाग ओढली गेली. चालता चालता त्याचा अंगठा किंचित बाजूला झाला, दुसऱ्या अंगठ्यासाठी जागा करून देत. ती जागा तिच्या मापाची नव्हती.

“झालं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “दोघांनी मिळून काढलंत. आता उठा.”

विशाखाने मूठ सोडली नाही. “मी शिकवलं,” तिने त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असे विचारले, “तर शिकाल का? पुन्हा पहिल्यापासून?”

साईनाथने हात हलकेच सोडवून घेतला. तो छातीशी नेऊन त्याने निकामी उजव्या पंजाखाली झाकला, थंडीत काही झाकावे तसा. मग तो पाटावरून उठला आणि आतल्या खोलीकडे निघून गेला.