शिंप्याची साक्ष

एउसेबियो कार्रास्कालने समोरच्या माणसाच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि अंगठ्यांनी हाडं चाचपली. चेहऱ्याकडे बघायचं त्याने पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं. रशियातला हिवाळा काढून जगलेले सगळे एकाच आईची लेकरं दिसत. तीच दाढी, तेच खोल गेलेले डोळे, तेच पडके दात. खांद्यांचं तसं नसतं. मांस झडलं तरी बांधा राहतो.

"हा आपलाच," तो म्हणाला. "गास्पार. दुसरी कंपनी. पाठीला पोक आहे, त्यामुळे मागचं कापड नेहमी चार बोटं जास्त खायचा."

"पोक वडिलांचं आहे मास्तर," गास्पार म्हणाला. "तेवढीच इस्टेट मिळाली."

रांगेत दोघेतिघे हसले. कारकुनाने नाव लिहिलं. गास्पारने अंगावरचा मळका पांढरा कोट काढला आणि दाराबाहेरच्या आगीत टाकला. उवा तडतडल्या.

कोट बदलण्यात या पलटणीचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्पेनच्या जुन्या राजाने त्यांना फ्रेंचांच्या मदतीला डेन्मार्कात धाडलं, तेव्हा अंगावर राजाचा कोट होता. मग फ्रेंचांनी राजाला कैद केलं आणि मदतीला आलेल्यांनाही. कैदेत कुजता की आमच्यासाठी लढता, असं विचारल्यावर ज्यांनी मान हलवली त्यांना पांढरा कोट मिळाला. गळपट्टी हिरवी, बटणांवर स्पेनच्या नव्या राजाचं नाव. हा नवा राजा म्हणजे फ्रेंच बादशहाचा सख्खा भाऊ, तेव्हा नाव स्पेनचं आणि हुकूम फ्रेंचांचा. त्या कोटात ही माणसं मॉस्कोपर्यंत चालली आणि त्याच कोटात रशियनांच्या हाती सापडली. आता झार तिसरा कोट देत होता, वर मायदेशी नेणारं जहाज. अट एवढीच, की माणूस स्पॅनिश हवा आणि याच पलटणीतला हवा. बाकीच्यांनी कैद्यांच्या तांड्याबरोबर पूर्वेला चालत जायचं. आधीच्या तांड्यातले किती पोचले, हे विचारण्याच्या फंदात कोणी पडत नव्हतं.

जहाजाची बातमी फुटल्यावर पीटर्सबर्गजवळच्या या छावणीत स्पॅनिश माणसांचं पीक आलं. इटालियन, पोर्तुगीज, सगळे एका रात्रीत स्पॅनिश झाले. पलटणीचे कागद बर्फात गेलेले. शेवटी छावणीच्या रशियन कर्नलला कोणीतरी सांगितलं की बाराशे माणसांचे कोट एकाच शिंप्याच्या कात्रीखालून गेलेत. कर्नलने एउसेबियोला टेबलाशी बसवलं. एक साक्ष खोटी निघाली तर तूही तांड्यात, असं बजावून.

"पुढचा," कारकून म्हणाला. तो रशियन होता, काडिझच्या एका दारूच्या व्यापाऱ्याकडे चार वर्षं राहून स्पॅनिश शिकलेला. त्याने पुढच्या माणसाच्या हातातला चुरगळलेला कागद सरळ केला. "सार्जंट इल्देफोन्सो तेरान."

रांगेतलं खोकणंसुद्धा थांबलं.

मागच्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या वाटेवर पिछाडीच्या तुकडीने आपल्याच फ्रेंच अंमलदारांवर बंदुका चालवल्या होत्या. पळून रशियनांना मिळायचा बेत फसला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका ओळीत उभं करून मोजलं. एक, दोन. एक, दोन. एक आला तो जागीच राहायचा, दोन आला तो एक पाऊल पुढे. पुढे आलेल्यांना गोळ्या घातल्या. मोजायला फ्रेंचांनी फ्रेंच माणूस लावला नाही, तेवढी अक्कल त्यांना होती. मोजणारा तेरान होता. एकदाही चुकला नाही.

तेरान जहाजावर चढला तर बंदर बघणार नाही, हे ठरलेलं होतं. ते ठरवायला कोणी बैठक घेतली नव्हती.

एउसेबियोने हात ठेवले. कोट तेरानचाच होता. उतरत्या डाव्या खांद्यासाठी त्याने स्वतः भरलेला कापूस बोटांना लागला. आतले खांदे मात्र सरळ, एका रेषेत. तो माप घेतल्यासारखा वाकला.

"कुठे सापडला हा कोट?" त्याने हळूच विचारलं.

"स्मोलेन्स्कच्या पुढे. मेलेला होता तो. मी मारला नाही त्याला." स्पॅनिश बरं होतं, पण सीमेपलीकडच्या बाजारात शिकलेलं.

"फ्रेंच?"

त्याने खाली पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "मास्तर, मला तांड्यात घालू नका. पायाची बोटं गेलीत."

"गाढवा, एवढी माणसं मेली वाटेवर. तुला हाच बरा सापडला?"

त्या माणसाला काही कळलं नाही. तो उगाच हसला, शिंप्यापुढे लोक हसतात तसा.

"काय ठरलं?" कारकुनाने लेखणी शाईत बुडवली. "तेरान हाच ना?"

मागे हवालदार बेर्मुदेस उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं उरलेली, त्यांत टोपी धरलेली. आजवर कधी बोलला नव्हता इतक्या मायेने तो बोलला.

"हो म्हणा की मास्तर. जहाजावर आम्ही घेऊ सांभाळून त्याला."

एउसेबियोचे हात त्या माणसाच्या खांद्यांवरच होते. छातीतली धडधड पार तिथपर्यंत येत होती. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं तर पाप रस्त्याचं. हो म्हटलं तर पाप बेर्मुदेसचं. शिंप्याचे हात दोन्हीकडून स्वच्छ.

"कागद दुसऱ्याचा आहे," तो म्हणाला. "थंडीत ज्याला जो मिळाला तो कोट त्याने घातला. हा तेरान नाही."

त्या माणसाने डोळे मिटले.

"हा लूसियो कार्रास्काल. माझा धाकटा भाऊ."

कारकुनाने मान वर केली. "सख्खा? आणि इतका वेळ चाचपत बसलात?"

"कामाच्या वेळी मी तोंडं बघत नाही."

"कर्नलसाहेबांनी काय सांगितलंय, लक्षात आहे ना?" कारकून रांगेकडे वळला. "लूसियो कार्रास्कालला कोण ओळखतं?"

रांगेत चाळीस माणसं होती आणि चाळीसही लूसियोला ओळखत होती. नाचणारा, उधार तंबाखू मागणारा, कोणाच्याही जेवणात बोट घालणारा लूसियो. कोणी बुटाकडे बघितलं, कोणी दाराबाहेरच्या आगीकडे. बेर्मुदेस एउसेबियोकडे बघत राहिला. त्याच्या टोपीचा काठ पार मुडपून गेला.

"लूसियो," शेवटी तो म्हणाला, "टाक की तो कोट आगीत. आम्हालाही थंडी वाजते."

कारकुनाने नाव लिहिलं.

एउसेबियोने त्या माणसाला भिंतीशी नेलं, हात वर करायला सांगितलं आणि कागदाची पट्टी छातीभोवती फिरवली. ती बरीच उरली.

"मास्तर," तो माणूस पुटपुटला, "हा लूसियो... कोणी विचारलं तर मला ठाऊक असायला हवं."

"हात खाली घेऊ नकोस."

"कुठे होता तो, शेवटी?"

एउसेबियोने पट्टीला खूण केली.

"मोजणीच्या ओळीत," तो म्हणाला. "माझ्या लगेच डाव्या हाताला."