बाजारबुणग्यांचा नियम

"बाजारबुणगे काढून काय ऱ्हातंय रं पटावर?" फोनवर याकूबचाचांचा आवाज चढला. "लढणाऱ्यांना पाणी कोण पाजणार, तुझा मोबाईल?"

मी सांगलीत माझ्या शेतीऔषधांच्या दुकानात होतो. काउंटरपलीकडे एक द्राक्षबागायतदार फवारणीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत उभा होता, त्यामुळे मला ओरडता येईना.

"चाचा, एवढा एकच नियम काढा. मग आम्ही सहाजण येतो. नाहीतर कुणीच येत नाही, मीपण नाही."

शेवटचे दोन शब्द मी उगाच बोललो. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी चाचा म्हणाले, "या. काढतो."

फोन ठेवल्यावर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

हा खेळ म्हणजे 'रणपट'. साताऱ्याला शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या मधुसरांनी तो रचला, त्याला आता अडतीस वर्षं झाली. टेबलावर गोणपाट अंथरायचं, त्याखाली विटा सरकवून डोंगर करायचे आणि बोटभर उंचीच्या शिशाच्या सैनिकांनी जुन्या काळातल्या लढाया खेळायच्या. नियमांचं अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक होतं. ते अक्षरांचा खिळा खिळा जुळवून छापलं याकूब शिकलगारांनी. ते तेव्हा छापखान्यात जुळारी होते. झिजून निकामी झालेले शिशाचे खिळे मालक त्यांना देऊन टाकायचे. ते वितळवून सैनिकही चाचांनीच ओतले, एक ना दोन, साडेसहाशे.

अंतर मोजायचं ते बोटांत. कुणाच्या? तर मधुसरांच्या. त्यांच्या बोटाच्या रुंदीच्या खुणा पाडलेली एक बांबूची काठी होती. सरांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पटावर मोजायला तीच.

एक काळ असा होता, की वर्षाच्या त्या एका रविवारी शाळेच्या सभागृहात चाळीस चाळीस माणसं जमायची. सोनं-चांदी गाळणारे विट्याचे गलाईवाले गावाकडची सुट्टी त्या रविवारला जुळवून घ्यायचे आणि कुठल्या कुठल्या शहरांतून यायचे. मेढ्याचा एक गडी तर स्वतःच्या लग्नाची तारीख पुढे ढकलून आला होता, आणि वर हरलाही.

मग माणसं गळत गेली. कारण सगळ्यांना माहीत होतं. बाजारबुणगे. पुस्तकात सातवा नियम होता, की प्रत्येक सैन्यामागे त्याचे पाणके, नालबंद, भाकऱ्या भाजणाऱ्या बायका आणि बैल पटावर चाललेच पाहिजेत. पाणक्या पोचला नाही तर सैन्य पुढे सरकत नाही. सैनिक एका फेरीत बारा बोटं चालायचा आणि पाणक्या सहा. सगळी फौज त्या पाणक्याची वाट बघत उभी. सकाळी मांडलेली लढाई दिवेलागणीपर्यंत संपायची नाही.

आता सांगलीत आम्ही सहाजण इंटरनेटवरून उतरवलेल्या नियमांनी खेळतो. प्लास्टिकचे सैनिक, दीड तासात निकाल. कुणाला पाणीबिणी लागत नाही.

इकडे पुस्तकातला पहिला नियम असा, की चौघांशिवाय पट मांडायचा नाही. गेल्या वर्षी आम्ही तिघंच जमलो, तेव्हा शाळेच्या तानाजी शिपायाला खुर्चीत बसवून चौघं केले. यंदा तो निवृत्त होऊन गावी गेला. आणि मुख्याध्यापकांनी चाचांना सांगून टाकलं होतं, की खेळाचं सामान ठेवलेलं कपाट यंदा उघडलं नाही, तर ते आम्ही कॉम्प्युटरसाठी घेणार. चाचांनी फोनवर होकार दिला तो यामुळे.

रविवारी आम्ही गाडी काढून साताऱ्याला पोचलो. चाचांनी पट आधीच मांडून ठेवला होता. पंचाहत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि आमच्या पोरांना "बसा साहेब" म्हणत होता. साहेब कसले, त्यातला एक टायरवाला आहे. मधुसरांच्या पत्नी शरयूकाकू नेहमीप्रमाणे पोह्यांचं पातेलं घेऊन आल्या होत्या.

मी बघितलं, टेबलाच्या कडेला खिडकीखाली बाजारबुणग्यांची रांग लावलेली होती. पाठीवर पाण्याची कातडी पखाल घेऊन वाकलेला पाणक्या, मांडीवर घोड्याचा खूर घेतलेला नालबंद, एक शिंग मोडलेला बैल. खरं सांगतो, सैनिकांपेक्षा यांचे चेहरे सुरेख होते. सैनिक साच्यातून काढले होते. यांना मात्र चाचांनी एकेक करून कोरलेलं.

"चाचा, काढलेत ना?" मी विचारलं.

"काढल्यात की. खेळात न्हाईत. नुसतं बघाय ठेवल्यात."

दोन तासांच्या आत लढाई झाली. पोरं खूश. सैनिकांचे फोटो काढले, चाचांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले, आणि मटणाची थाळी कुठे चांगली मिळते ते विचारून गाडीकडे गेली. पडलेले सैनिक पटावर तसेच होते. आमच्या सांगलीच्या खेळात लढाई संपली की संपली, पुढे काही नसतं.

मी चपला शोधत होतो. चाचा खुर्चीत बसले आणि काठी हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, एक बोलायचंय. सुमंत, तूबी ऐक. ह्यो खेळ मी मारला."

काकू पातेलं पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मधूनं लिवलं व्हतं, पाणक्या नऊ बोटं. मी सहा जुळवलं. दिवसभर लग्नपत्रिका जुळवून डोळं दमल्यालं. पुस्तक बांधून झालं तवा कळलं. मधूला म्हनलं, छापताना गडबड झालीय वाटतं. तर म्हनला, छापलंय ते ऱ्हाऊ दे. माझं मन राखलं त्यानं. नऊ असतं तर खेळ पळाला असता, मानसं टिकली असती. अडतीस वर्सं मी लोकांस्नी त्या पाणक्याची वाट बघाय लावली. माझ्या हातानं."

हे ते इतक्या साध्या आवाजात बोलले, की मला कुठे बघावं कळेना. सातवा नियम काढा म्हणून मी फोनवर ज्या माणसाला धमकी दिली, तो माणूस एवढं पोटात घेऊन बसला होता.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं.

"मन राखायला म्हणून नव्हते बोलले ते," त्या म्हणाल्या. "चांगले चिडले होते. घरी येऊन पुस्तक आपटलं. आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन माझ्या माहेरी, मेढ्याला गेले."

"कशापायी?"

"मोजायला. मला विहिरीवर भरली घागर घ्यायला लावली डोक्यावर, आणि एक कमरेवर. चढाचा रस्ता, कडेला झाडं. म्हणाले, तू तुझ्या चालीनं चाल, मी माझ्या चालतो. ते रिकाम्या हाताने बारा झाडं गेले, तोवर माझी सहा झाली. तीनदा चालवलं, याकूबभाई. तिन्ही वेळा सहा. माझे भाऊ बांधावर बसून हसत होते, पाव्हण्याला खूळ लागलंय म्हणून. परत येताना एसटीत म्हणाले, मी घरात बसून नऊ लिहिलं, कारण मी कधी पाणी वाहिलं नाही. याकूबच्या हातून पडलं तेच खरं आहे."

चाचांनी काठी टेबलावर ठेवली.

"मग मला का सांगितलं न्हाई त्यानं?"

"तुम्ही चूक कबूल कुठं केलीत? गडबड झाली वाटतं, एवढंच म्हणालात. त्यांना वाटलं, ती तुमच्या हातून झाली हे तुम्हाला ठाऊकच नाही. आणि तसं सांगितलं असतं तर तुम्ही नऊ घालून पदरमोड करून पुस्तक परत छापलं असतं. मला वाटलं, एव्हाना कधीतरी बोलले असतील तुमच्याशी."

चाचांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. डोळ्यांना पाणी आलं होतं ते त्यांनी लपवलं नाही.

बाहेर पोरांनी हॉर्न वाजवला. मी खिडकीतून हात केला, तुम्ही जाऊन जेवा म्हटलं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आणखी एक नियम आहे, जो आम्ही कुणी कधी धड वाचला नव्हता. लढाई संपल्यावर बाजारबुणग्यांनी रणात जायचं. पाणक्या ज्या पडलेल्या सैनिकापर्यंत पोचेल, तो उठतो. कुठल्या बाजूचा, ते बघायचं नाही.

मी खिडकीखालचा पाणक्या उचलला आणि पटाच्या कडेला ठेवला. नियमाप्रमाणे चौघं लागतात. आम्ही तिघंच होतो, पण तो विषय कुणी काढला नाही.

"वहिनी, तुमी चालवा," चाचा म्हणाले.

काकूंनी पदराला हात पुसले. अडतीस वर्षं त्यांनी या टेबलाशी पोहे आणून दिले, पण पटावरच्या माणसाला बोट लावलं नव्हतं. मी मधुसरांची काठी आडवी धरली. काकूंनी पाणक्याला चिमटीत धरून सरळ सहाव्या खुणेकडे सरकवायला सुरुवात केली, जरा घाईनेच.

चाचा पुढे वाकले.

"हळू न्या, वहिनी," ते म्हणाले. "पखाल भरल्याली हाय."