विमानाला आडवा

"आरं ज्योतिबा, गुरं हाक की! इमान उतरतंय, इमान!" बांधावरून तात्याबा पाटील बोंबलत होते.

ज्योतिबाला ते दिसतच होतं. महायुद्ध संपल्यापासून रहिमतपूरच्या आभाळात विमान दिसेनासं झालं होतं, आणि आज हे लहानसं विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं. आधी इंजिन खोकलं, मग काळा धूर निघाला, आणि नाकावरचा पंखा गचके खात खात आडवा थांबला. आवाजच बंद झाला. चहूकडे ऊस आणि विहिरी. सपाट जागा म्हणाल तर हा एक माळ. आणि माळावर गावाची सगळी गुरं भर दुपारी रवंथ करत बसलेली.

बसलेलं जनावर आणि रुसलेला जावई हाकेला उठत नसतात, असं ज्योतिबाच म्हणायचा. आज त्याला हसू आलं नाही. काठी, शिव्या, लाथा, जे सुचेल ते करत त्यानं एकेक जनावर उठवलं आणि ओढ्याकडे पिटाळलं. जन्मभर गावाची गुरं राखली, पण त्यांना इतकं कधी मारलं नव्हतं. ऊर फुटायला आला. वरचा माणूस मरेल, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

माळ मोकळा झाला. राहिली फक्त गावातल्या बड्या असामीची, लालासाहेबांची, कपिली गाय. ती माळाच्या कडेला विण्याच्या कळा देत पडली होती, वासराचे पाय बाहेर आले होते.

"सोड तिला! पळ!" तात्याबा ओरडले.

लांडगा आला की विणाऱ्या गाईपुढं घोंगडी पसरून उभं राहायचं, हे ज्योतिबाच्या हाडात मुरलेलं. विचार करायला वेळ होताच कुठं? तो घोंगडी पसरून पुढं धावला आणि विमानाला आडवा उभा राहिला.

चाकं माळाला टेकली. काचेआडून एक तरणा चेहरा थेट त्याच्याकडे बघत होता. पुढच्याच क्षणी विमान गर्रकन वळलं, दगडी बांधावर आदळलं आणि पालथं झालं.

ज्योतिबानं हातांनी विमानाचं कापड फाडून, फळ्या मोडून पोराला बाहेर काढलं. छातीत काहीतरी मोडलं होतं.

"काका," पोरगा कसाबसा बोलला, "तुम्हाला लागलं नाही ना?"

"न्हाई रं लेकरा. तू बोलू नगंस. आत्ता गाडी येतीया बघ." पटक्याचं ओलं टोक त्यानं पोराच्या ओठांना लावलं. "देवा, मला न्हे, पर ह्याला ठेव रं!" तो मोठमोठ्यानं रडत होता. गाडी आली तेव्हा पोरगा गेला होता.

मधू त्याचं नाव. पुण्याहून सांगलीला, आईकडेच निघाला होता.

तेरावं उरकल्यावर आई, विनोदिनीबाई, ती जागा बघायला आल्या. लालासाहेबांनी कपिलीला आणि वासराला धुऊन, कुंकू लावून माळावर उभं केलं होतं.

"गाय वाचवली बगा तुमच्या पोरानं," ते म्हणाले. "लय मोठं पुण्य."

सगळ्या गावानं माना डोलावल्या. बाई वासराच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला असावा. ज्योतिबाला गप्प बसता आलं असतं. पण तो गर्दीतून पुढं आला.

"आवं बाई," तो म्हणाला, "गाईपायी न्हाई. गाय कडंला हुती, इमान तसंच निगून ग्येलं असतं. मी आडवा ग्येलो. माज्यापायी वळला त्यो."

"ज्योतिबा, गप रं!" लालासाहेब दातओठ खात म्हणाले.

बाईंचा हात वासरावरच थांबला.

"वय काय तुमचं?"

"साठीच्या फुडं असंन."

"मधूला चोविसावं लागलं होतं," बाई म्हणाल्या.

बाईंनी दोन थोबाडीत माराव्यात असं ज्योतिबाला मनापासून वाटलं. त्या मोटारीकडे वळल्या. जिथं लेक गेला त्या मातीवर वहाणा नकोत म्हणून त्या अनवाणीच आल्या होत्या, आणि वाटेवर बाभळीचे काटे पसरले होते. ज्योतिबा पुढं झाला आणि मोटारीपर्यंत वाकून काटे वेचत चालत राहिला.