पृथ्वीगोलावरचं सूत

नरहर मास्तरांच्या घरात भूत आहे असं कोणी म्हटलं असतं, तर सेवाग्रामपासून वर्ध्यापर्यंत हशा पिकला असता. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस तो. ग्रहण लागलं की मुद्दाम अंगणात बसून भजी खाणारा. आणि अशा माणसाच्या घरात रोज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, कोणी हात न लावता, कपाटावरचा पृथ्वीगोल एकदा करकरायचा.

एकदाच. त्याचा आस गंजला होता. बोटभर फिरवला तर जेवढा आवाज होईल, तेवढाच. मास्तरांनी आधी उंदरावर संशय घेतला. मग म्हणाले, उन्हाने लाकूड तडकतं. मग कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. आवाज काही थांबला नाही. नऊ वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. सांगणार काय? म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणायला लोक टपलेलेच असतात.

तो पृथ्वीगोल शाळेचा. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळासोबत शाळेने तो मास्तरांना देऊन टाकला. फार उदार होऊन नाही. त्याच्यावर अजून सोव्हिएत संघ होता, म्हणून. वर्गात मास्तर टकळीवर स्वतः कातलेलं सूत आणायचे, दोन शहरांवर दोन टोकं दाबून ताणायचे आणि म्हणायचे, "नकाशावरची रेघ खोटी, पोट्टेहो. जवळची वाट कोणती ते सूत सांगते." पुढे त्याची गावात रीतच पडली. कोणाचा पोरगा दुबईला निघो की अमेरिकेला, आईबाप त्याला घेऊन मास्तरांकडे यायचे. मुहूर्त जोशीबुवांकडून, वाट मास्तरांकडून. मास्तर सूत लावत, पोराला कोणते देश पायाखालून जातील ते सांगत, आणि चहा पाजून पाठवत.

मग एकदा घरच्याच मुलाने विचारलं. ऋग्वेद जर्मनीत नोकरीला होता. महालक्ष्म्यांच्या सणाला घरी यायचं होतं. फोनवर म्हणाला, "बाबा, दोन विमानं हायेत. एक खालून वळसा घालते, एक दिवस उशिरा पोचवते. दुसरं सरळ येते. तुमचं सूत काय म्हणते?"

मास्तरांनी सूत ताणलं, दोन्ही टोकांना टाचण्या टोचल्या. सुताखाली एक देश येत होता. त्या देशात लढाई चालू आहे हे मास्तर रोज पेपरात वाचत होते. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. त्यांनी विचारलंही.

"वरचं आकाश खुलं हाये, बाबा. खालचं बंद केलं हाये त्यायनं."

"मंग सरळ ये. वाकडं काऊन जातं?"

ते विमान आलं नाही. आपल्याकडे चार वाजून वीस मिनिटं झाली होती तेव्हा ते रडारच्या पडद्यावरून पुसलं गेलं. त्या देशाने एका उंचीच्या खाली आकाश बंद ठेवलं होतं आणि वर उघडं. क्षेपणास्त्राने ती सूचना वाचली नव्हती. पुढे चौकशी झाली, जाडजूड अहवाल आला, त्यात एक वाक्य होतं: मार्ग त्या दिवशी नियमानुसार खुला होता. मास्तरांना ते वाक्य पाठ होतं. पोरांकडून त्यांनी जन्मभर देशांचे रंग पाठ करून घेतले होते. आकाशाला कोणी रंग दिलेला नसतो, हे शिकवायचं मात्र राहून गेलं होतं.

त्या देशाचं नाव घरात पुन्हा कोणी घेतलं नाही. टाचण्या आणि सूत पृथ्वीगोलावर तसेच राहिले. मास्तरांची बायको सुमतीबाई झाडपूस करताना कपाट पुसत, पृथ्वीगोलाला फडकं लावत नसत. गावातल्या लोकांनीही वाट विचारणं सोडून दिलं.

आता नात निघाली होती. वेदश्री, ऋग्वेदची एकुलती एक. बाप गेला तेव्हा तेरा वर्षांची होती, आता बावीसची झाली. पुढच्या शिक्षणासाठी तिला जागा मिळाली होती, आणि ती नेमकी जर्मनीतच. त्या महिन्यात पश्चिमेकडचं निम्मं आकाश धुमसत होतं. आज हा देश बंद, उद्या तो. टीव्हीवर विमानं अर्ध्यातून माघारी फिरताना दाखवत होते.

"आबाजी," ती मास्तरांसमोर पाटावर बसून म्हणाली, "तुमी सूत लावून द्याल तेवाच मी तिकीट काढीन."

"मी नाई लावत."

"मंग मी नाई जात."

पोरगी बापासारखीच हट्टी. मास्तर उठून बाहेर गेले. फाटकाशी सून उभी होती, मोहिनी, दवाखान्यातून ड्युटी करून आलेली. नऊ वर्षांत तिने सासऱ्याला एका शब्दाने दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना कितीदा वाटे.

"बाबा," ती म्हणाली, "परवा जागा पक्की कराची शेवटची तारीख हाये. नाई म्हणाचं असन तर तिले तोंडानं नाई म्हणा. असं लटकवून नका ठेवू."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मास्तरांनी पृथ्वीगोल खाली उतरवला. टाचण्या काढल्या, सूत उचललं, आणि ते जागच्या जागी थिजले. खिडकीच्या उन्हाने पृथ्वीगोलावरचे सगळे रंग विटले होते. सुताखाली ऊन पोचलं नव्हतं. जर्मनीपासून मुंबईपर्यंत एक बारीक, गडद, ताजी रेघ तशीच होती. दगडावरची रेघ म्हणतात ती पुठ्ठ्यावर उमटली होती.

ते पलंगावर पृथ्वीगोल मांडीत घेऊन बसले. एक टोक जर्मनीवर टोचलं आणि सूत खाली वळवलं. हा देश नको. तोही नको. याच्यावरून परवापर्यंत जात होते, आता नको. याच्या शेजारी लढाई आहे, तिथे तर मुळीच नको. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तर तर पाणीसुद्धा फुंकत होते. सगळी वाट वाकडी करून सूत समुद्रावर आलं आणि मुंबईच्या चार बोटं अलीकडे पाण्यातच संपलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा चार बोटं कमी. सरळ वाटेपुरतंच तोडलेलं सूत ते, वळशाला कुठून पुरणार?

"नाई पुरत," मास्तर स्वतःशीच म्हणाले. पोरीला आता नाहीच म्हणायचं, हे त्यांचं ठरलं.

तेवढ्यात पृथ्वीगोल मांडीतच करकरला. त्यांचे दोन्ही हात सुताच्या टोकाला होते. त्यांच्या डोळ्यांसमोर तो बोटभर फिरला आणि थांबला.

स्वयंपाकघराच्या दारात सुमतीबाई उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"वाजला ना?" त्या म्हणाल्या.

मास्तरांना क्षणभर कळेना, आपण ऐकतो आहोत ते काय. "तुले ऐकू येते?"

"रोज येते. नऊ वर्षांपासून. मले वाटे मलेच येते. मले सुनावाले वाजते म्हणून मी कोणाले बोलली नाई." त्या भिंतीला धरून खाली बसल्या. "तुमाले एक गोष्ट सांगाची हाये. ऋग्वेदनं तिकीट आधीच काढलं होतं. तुमाले विचारलं त्याच्या दोन दिवस आधी."

"कोणतं तिकीट?"

"सरळचं. मीच म्हणलं होतं त्याले, महालक्ष्म्या बसाच्या आत घरात पायजे. तो म्हणे, आई, वळशाचं स्वस्तही हाये आन् बरंही हाये. मी म्हणलं, वर्षाचा सण हाये, एक दिवस उशीर नको करू. मंग त्यानं ते काढलं. तुमाले असंच विचारलं. 'बाबाले विचारलं की बरं वाटते त्यायले,' म्हणे."

मास्तरांनी सुताचं टोक बोटाला गुंडाळलं. मग ते म्हणाले, "नऊ वर्षं, सुमती."

"हाव. त्याचं ओझं तुमच्या डोक्यावर होतं तोवर माह्या डोक्यावर नोतं."

राग आला. इतका आला की पृथ्वीगोल उचलून अंगणात फेकावा. नऊ वर्षं हा माणूस धड झोपला नव्हता, आणि हिला ते दिसत होतं. मग त्या रागाच्या मागून दुसरंच काही वर आलं. पोराने तिकीट काढून झाल्यावरही फोन केला होता. सूत काय म्हणतं, हे विचारायला. बापाला बरं वाटावं म्हणून. मास्तर लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. सुमतीबाई जवळ आल्या नाहीत, आणि उठूनही गेल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनीच फडताळातून जुन्या सुताची गुंडी आणून पलंगावर ठेवली. मास्तरांनी चार बोटं जोडली आणि गाठ मारली. वेदश्रीला हाक मारून वाट सांगितली, कोणता देश डावीकडे राहील, कोणता उजवीकडे. आवाज शाळेतल्यासारखा निघेना, पण सांगितली.

वेदश्री निघाली त्या दिवशी तिच्या हातावर दही दिलं. माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही सुमतीबाईंची जुनी रीत. त्यांनी केरसुणी उचलून अंगणात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान सुटलं. मोहिनीने मोबाइलवर ते लावून दिलं, एवढंसं पिवळं विमान. तिघं त्याच्याभोवती बसली.

समुद्रावर ते सुताबरोबर चाललं. मग अचानक वळलं. मोहिनीने बातमी पाहिली: सुताखालच्या एका देशाने दुपारीच आकाश बंद केलं होतं. विमान भलत्याच बाजूने निघालं, मास्तरांनी कधी धरलीच नव्हती अशा वाटेने. मास्तर मांडीतल्या पृथ्वीगोलावरची टाचणी उपटत, पुढे टोचत, सूत विमानामागे नेत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी टाचण्या ताटलीत टाकल्या आणि पृथ्वीगोल पुन्हा कपाटावर ठेवला. विमान कुठून जाईल ते सूत ठरवत नव्हतं. कधीच ठरवलं नव्हतं.

चार वीस झाले. नवराबायकोने कपाटाकडे पाहिलं. घर गप्प होतं. चार एकवीस. पंचवीस.

"काऊन वाजला नाई?" सुमतीबाईंनी मास्तरांचं मनगट घट्ट धरलं. जो आवाज थांबावा म्हणून नऊ वर्षं देव पाण्यात ठेवले, तो आज थांबला तर दोघांची पाचावर धारण बसली. मोबाइलवरचं पिवळं विमान मुंगीच्या पावलाने सरकत होतं. मोहिनी एकदा सासूकडे पाही, एकदा सासऱ्याकडे. काय वाजायचं राहिलं, ते तिला कोणी सांगितलं नाही.

दिवेलागण झाली. जेवायला कोणी उठलं नाही. साडेआठच्या सुमारास मोबाइल वाजला. "पोचली, आई. आबाजीले सांग."

दिवे लागल्यावर केर काढत नाहीत, म्हणून घर त्या रात्रीही तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मोहिनी दवाखान्यात गेल्यावर सुमतीबाईंनी सगळं घर झाडलं, आणि पहिल्यांदाच पृथ्वीगोलावरून फडकं फिरवलं. धूळ गेली. गडद रेघ राहिली.

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पृथ्वीगोल करकरला.

सुमतीबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मास्तर उठले, कपाटाशी गेले आणि त्यांनी तळहात त्या रेघेवर ठेवला. पुठ्ठा उन्हाने कोमट झाला होता.

"पोचली रे बाबू," ते म्हणाले. "तुही पोरगी पोचली."