गोलकीपरची हाक

तीन वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही कान गेले. जेमतेम फुटलेलं बोलणंही हळूहळू विरून गेलं. पण पायांत एवढा जोर, की गल्लीतली पोरं तिला 'तोफ' म्हणायची. बाविसाव्या वर्षी ती इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या चाचण्या द्यायची. लाँड्रीत यंत्रांचा असा खडखडाट, की मुकादम म्हणायचा, "इथे सगळेच बहिरे. हीच एक शहाणी, हातांनी बोलते."

चाचणीला सोबत ताई असायची. आधीच्या दोन क्लबांचा निरोप ताईनेच खुणांनी सांगितला होता: जागा भरली, पुढच्या वर्षी बघू.

हा तिसरा क्लब. ती बचावफळीत होती. पहिल्या अर्ध्या तासात तिने एकही चेंडू मागे जाऊ दिला नाही. समोरची कुठे वळणार, ते तिला खांद्यावरूनच कळायचं. खुर्चीत रेललेला कोच उठून उभा राहिला. ताईने दुरून अंगठा दाखवला.

मग एक उंच चेंडू आला. ती डोक्याने मारायला उडाली. मागून गोलकीपर "माझा!" असं ओरडत धावत आली. कुंपणापाशी पाणी घालणाऱ्या माळ्यानेही वळून पाहिलं. हिला काहीच कळलं नाही. दोघी धाडकन आदळल्या आणि गोलकीपरचं मनगट मोडलं.

कोचने ताईला बाजूला घेतलं. "चूक तिची नाही. पण उद्या पुन्हा हेच होईल, आणि तेव्हाही तिची नसेल. कशी घेऊ मी हिला? पोरगी गुणी आहे हो, म्हणून तर जिवावर येतंय."

ताई परत आली. 'जागा भरली म्हणतात,' तिने खुणेने सांगितलं.

तोफेने कोचच्या ओठांवरून बरंचसं वाचलं होतं. तिने विचारलं, 'आधीचे दोघंही हेच म्हणाले होते?'

ताईने मान खाली घातली. 'तुझा चेहरा बघवला नसता गं.'

'दोन वर्षं, ताई! दोन वर्षं वेड्यासारखी पळत राहिले मी.'

'मग काय करायला हवं होतं? माझ्याच हातांनी सांगायचं होतं?' ताईने विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच गोलकीपरच्या घरी गेली. गोलकीपरच्या आईने दार उघडलं, खुणांवरून तिला ओळखलं आणि ती बाजूला झाली. गोलकीपरने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत कागदावर लिहिलं, "मी ओरडले होते गं."

"माहीत आहे. माफ कर," तोफेने लिहिलं.

गोलकीपरने कागद पुन्हा पुढे ओढला. मग लिहिलं, "मी हात वर करून खूण केली तर?"

तिने खाली लिहिलं, "चेंडू बघू की तुला?"

गोलकीपरने पेन्सिल खाली ठेवली. आईने चहा आणला. तो दोघींनी गार होऊ दिला.

पुढच्या मोसमात ताईने एका नव्या क्लबचा अर्ज आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, नीट घडी घातली आणि ताईच्या हातात परत दिला. ताईने 'का' म्हणून विचारलं नाही.