सत्वशीलाबाईंची राखीव जागा

चर्चमध्ये मृतांच्या स्मरणाच्या दिवशी सेक्रेटरी भांबळांनी यादी वाचताना सत्वशीलाबाई उजागरेंचंही नाव वाचलं. बाई तिसऱ्या बाकावरच होत्या. उपासनेत मध्ये बोलायचं नसतं, म्हणून सगळ्यांबरोबर त्याही स्वतःसाठी मिनिटभर शांत उभ्या राहिल्या.

बाहेर येताच त्यांनी भांबळांना गाठलं. "अहो, आमच्या ह्यांच्या कबरीशेजारची जागा माझ्यासाठी ठेवलीय ना?"

"होती, मावशी. पण रजिस्टरात आता तिथं तुम्हाला पुरलंय."

"मग मी खरी मेल्यावर?"

"भरलेल्या जागेत दुसऱ्या कुणाला पुरता येत नाही."

"दुसरी कोण? मीच ना!"

"ते एप्रिलच्या वार्षिक सभेत ठरवू. तोवर जिवाला जपा."

नोव्हेंबर नुकताच लागला होता. बारा वर्षं नवऱ्याकडे जायची घाई झालेल्या बाई त्र्यंबक नाक्यावर रस्ता ओलांडायला पहिल्यांदाच घाबरल्या आणि पाऊण तास कडेलाच थांबल्या.