तिसरं बोट

"काका, याला शिट्टीच नाही," दुकानदार म्हणाला.

जळबाला त्याचे ओठ हलताना दिसले, शब्द काही पोचले नाहीत. शेजारी त्याची लेक शीतल उभी होती. तिनं त्याच्या डाव्या कानाला तोंड लावलं आणि भर दुकानात ओरडून सांगितलं, "बाबा, याला शिट्टीच न्हाई म्हनतेत! मोजायचं कामच न्हाई!"

घागरी वाजवून बघणाऱ्या दोन बाया वळून हसल्या. जळबानं मान हलवली. ऐकू आलं होतं त्याला, चांगलं खणखणीत आलं होतं. आयुष्यात किती गोष्टी ऐकायच्या राहून गेल्या आणि नेमकी हीच कानात शिरली, याचं त्याला मनातून वाईट वाटलं.

हिंगोलीच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान ते. साल दोन हजार आठ. गावभर लाईट गेलेली, दुकानापुढं जनरेटर धडधडत होता. त्या जनरेटरच्या जिवावर दुकानदार विजेवरचा कुकर दाखवत होता. पांढरा, पोटाळ, पुढं दोन बारके दिवे, मागं लांब वायर. डाळ-तांदूळ घाला, झाकण फिरवा, बटण दाबा आणि खुशाल झोपा, शिजलं की आपलं आपण बंद होतं, असं त्याचं म्हणणं. शीतल ते सगळं हप्त्याहप्त्यानं बापाच्या कानात ओतत होती. ती कनेरगाव नाक्याला दिलेली, एकुलती एक. सकाळी जीपनं हिंगोलीला आली होती. जळबा जवळा बाजारहून आला होता, बायकोला शेजारच्या पंचफुलाच्या हवाली करून.

जळबानं जवळ्यात तीस वर्षं दुसऱ्याची पिठाची गिरणी चालवली. गिरणीनं पोटाला दिलं आणि कान घेतले. एकदम नाही घेतले. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलच्या घंट्या, मग लेकरांची बोलणी. कुणी कानाशी येऊन जाड्या आवाजात बोललं तर अजून कळायचं. पण कुकरची शिट्टी घरात आली तोवर असले बारीक आवाज ऐकायचे दिवस सरले होते. तेव्हा त्याची फिकीर नव्हती, कारण घरात सोजराबाई होती.

सोजराबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. दोनशे लेकरांची खिचडी, आणि कधी खाली लागली म्हणून कुणी सांगावं! तोंडानं अशी फटकळ, की हेडमास्तरसुद्धा मीठ चाखायला येताना दारातून विचारून येत. दोन वर्षांमागं एका सकाळी चुलीपुढंच ती कलंडली. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. राहिला डावा हात, दोन कान आणि डोळ्यांतला फटकळपणा.

मग जळबा स्वैपाकाला लागला. पिठाशी आयुष्य गेलेलं, भाकरी कशीबशी जमली, डाळीचं काही जमेना. एकदा कुकर लावून तो दाराकडं बघत बिडी ओढत बसलेला, तर पाठीत पेला येऊन लागला. वळून बघतो तर खाटेवर सोजराबाई, डोळे वटारलेले आणि डाव्या हाताची तीन बोटं वर. तीन शिट्ट्या झाल्या, मेल्या, उतर तो कुकर! एवढं सगळं त्या तीन बोटांत होतं.

त्या दिवसापासून तीच रीत पडली. कुकर लावायचा, खाटेकडं तोंड करून पाटावर बसायचं आणि तिच्या हाताकडं बघायचं. एक बोट, दोन बोटं, तिसरं बोट. "झालं का? बरं," म्हणून तो गॅस बंद करी. पंचफुला चेष्टा करायची, की एकाला ऐकू येत न्हाई, दुसरीला बोलता येत न्हाई, पर दोघं मिळून एक धड मानूस हाय. चेष्टा करी आणि भाजीची वाटी ठेवून जाई.

आता तुम्ही म्हणाल, शिट्टी ऐकू आली नाही तरी दिसते की. वर उसळते, वाफ सुटते, बहिऱ्यालाही कळतं. खरं आहे, आणि जळबाला ते आठ दिवसांतच उमगलं होतं. तरी तो कुकरकडं पाठ करूनच बसायचा. तिसरं बोट वर झालं की सोजराबाईच्या तोंडावर घडीभर एक तेज यायचं. शाळेत पातेलं उतरवताना यायचं तेच. अख्ख्या दिवसात तिला दुसरं काम नव्हतं. तेवढंही आपण काढून घ्यायचं म्हणजे तिला खाटेवरच्या गाठोड्यात जमा करायचं, असं त्याला वाटे. तो कुणाला हे बोलला नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

गेल्या महिन्यापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. सोजराबाई मधूनच हरवायची. डोळे उघडे, बोटं तशीच, पण माणूस तिथं नाही. अर्ध्या मिनिटानं परत यायची. डाळ कधी चार शिट्ट्यांची होऊ लागली, कधी पाचांची. जळबा गपगुमान खायचा आणि बोटं चाटून दाखवायचा.

आणि मग मागचा मंगळवार. दोन बोटं वर झाली. जळबा तिसऱ्याची वाट बघत बसला. बराच वेळ गेला आणि वास आला. गिरणीचा दगड घट्ट बसला की पीठ करपतं, ते त्याला गल्लीच्या टोकावरून कळायचं. करपल्याच्या वासात त्याची चूक होणं शक्य नव्हतं. उठायचं आणि बटण फिरवायचं, एवढंच काम होतं. पण उठलं म्हणजे तिला तोंडावर सांगितल्यासारखं झालं, की बाई, तुला आता तीनसुद्धा मोजता येईनात. ती दोन बोटं ताठ धरून त्याच्याकडं बघत होती. अजून घडीभर, तो मनाशी म्हणाला, आता करील वर. करील.

कुकरचा व्हॉल उडाल्याचा आवाज त्याला आलाच नाही. त्याला दिसला तो सोजराबाईचा चेहरा. मागं वळला तर वरच्या पत्र्यावरून डाळ ठिबकत होती. खाटेवरही पडली होती, तिच्या पायांवर. नशीब, अंगावर गोधडी जाड होती.

पंचफुलानं शीतलला फोन केला. माझंच ध्यान नव्हतं, बिडी ओढत होतो, असं जळबानं सगळ्या गल्लीला सांगितलं. सांगताना तो खाटेकडं बघत नव्हता.

म्हणून हे दुकान आणि हा पांढरा कुकर. जळबा हट्टाला पेटला होता, पण हट्टाला टेकू सापडत नव्हता. त्यानं आधी लाईटीचा मुद्दा काढला, की जवळ्याला लाईट असती कुठं. शीतल लोडशेडिंगचं सगळं पाठ करून आलेली. एक हप्ता सकाळी सहा ते दहा लाईट असती, एक हप्ता दुपारून. लाईट असली की लावायचं, आत दोन घंटे गरम राहतं. मग त्यानं घरातल्या बोर्डाचं काढलं, की त्याला एवढं जड यंत्र झेपायचं नाही. पण शीतलच्या सांगण्यावरून लखमा वायरमन कालच येऊन नवा बोर्ड बसवून गेला होता, आणि दार जळबानंच उघडलं होतं. मग लाईटीवरच्या डाळीला चव नसती, असं तो म्हणाला. शीतलनं विचारलं, की तुमी कुठं खाल्ली? दुकानदारही हसला आणि जनरेटरमध्ये डिझेल किती उरलं ते बघायला बाहेर गेला.

दुकानदार गेल्यावर शीतलनं इकडंतिकडं बघितलं. मग तिनं परत बापाच्या कानाशी तोंड नेलं. या वेळी ती ओरडली नाही, तरी त्याला शब्दन्‌शब्द कळला.

"बाबा, एक विचारू? शिट्टी वर उडती ती तर तुमाला दिसती. मग तुमी कुकरकडं काहून बघत न्हाई?"

जळबानं काउंटरवरच्या पितळी डब्यांकडं बघितलं. मग छताला टांगलेल्या बादल्यांकडं. खोटं सुचत होतं, पण लेकीपुढं जीभ वळेना.

"तिच्याकडं बघावं लागतं," तो म्हणाला.

हुशार पोरगी. आईवर गेलेली. तिला सगळं एका दमात कळलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले आणि तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. जळबाला घडीभर आशा वाटली, की आता ही म्हणेल, चला बाबा, राहू द्या, नको हे लचांड.

"बाबा," ती म्हणाली, "माय खाटंवरून उठू शकत न्हाई. पुढच्या बारीला तोंडावर उडालं, मंग?"

तिचं खरं होतं, त्याचंही खरं होतं, आणि दोन्ही खरं असून काही उपयोग नव्हता. खाट आणि शेगडी यांच्यात चार हातांचं अंतर, घर केवढं ते एका खोलीचं. सरकवून सरकवून खाट कुठं सरकवणार? चिडावं म्हटलं तर चिडायचं कुणावर, दुकानदारावर? तो बिचारा खोक्यात थर्माकोल कोंबत होता. जळबानं खोकं खांद्यावर घेतलं आणि लेकीच्या मागं जीपकडं चालू लागला.

घरी पोचले तेव्हा पंचफुला सोजराबाईच्या डोक्याला तेल लावत होती. शीतलनं खोकं उघडलं, कुकर नव्या बोर्डाखाली फळीवर मांडला, फडक्यानं पुसला. सोजराबाई टक लावून बघत होती. शीतल खाटेवर बसली, आईच्या गालावरून हात फिरवत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते जळबाला ऐकू आलं नाही. पंचफुलानं नंतर त्याच्या कानात सांगितलं, की पोरगी किती मायाळू, म्हनली, "माय, आता तुला काई करायचं न्हाई, निवांत पडून ऱ्हा." पण ते त्याला आधीच कळलं होतं. शीतलचे ओठ हलत होते आणि सोजराबाईच्या डोळ्यांतून एकेक काहीतरी उतरत चाललं होतं. शेवटी तिनं डोळे मिटले. पंचफुलाला वाटलं, तेलानं झोप लागली.

त्या दिवशी लाईट काही आली नाही. पंचफुलानं पिठलं-भाकरी आणून दिली.

सकाळी सहाला दिवा लागला. शीतलनं डाळ-तांदूळ धुऊन घातले, झाकण फिरवलं, बटण दाबलं, लाल दिवा लागलेला बापाला बोट लावून दाखवला आणि ती आंघोळीला गेली.

जळबानं पाट घेतला. कुकरपुढं मांडावा म्हणून दोन पावलं गेलाही. मग परत फिरला आणि रोजच्या जागी बसला, खाटेकडं तोंड करून. सोजराबाई जागी होती. ती त्याच्याकडंच बघत होती, आणि तिचा डावा हात चादरीखाली होता. रोज या वेळेला तो उशीवर तयार असायचा.

त्यानं वाट बघितली. कशाची, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. अंगणात शीतल पाणी ओतत असेल, रस्त्यावरून औंढ्याची जीप गेली असेल. त्याला सगळं सारखंच होतं. फक्त आज तिलाही काही ऐकायचं नव्हतं.

"सोजरा," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचं बोलणं मोठंच निघतं, गल्लीभर ऐकू गेलं असणार. "किती झाल्या?"

सोजराबाई त्याच्याकडं बघत राहिली. वाचा असती तर म्हणाली असती, येडं लागलं का, शिट्टी तरी हाय का त्याला? निदान डोळे तरी वटारावेत, पेला तरी फेकून मारावा. तिनं काहीच केलं नाही. हात चादरीतून निघाला नाही.

मागं कधीतरी दिवा बदलला. डाळ-भात उत्तम शिजला होता, खाली लागलेला नाही, वर कच्चा नाही. शीतलनं दोनदा चाखून बघितला आणि समाधानानं मान हलवली. तिनं आईला उशांना टेकवून बसवलं, ताट वाढून पुढं ठेवलं. सोजराबाई आजवर डाव्या हातानं आपली आपण जेवायची, कुणी भरवायला आलं तर हात झटकून टाकायची. आज तो हात चादरीखालीच राहिला. मग शीतलनंच आईचा हात चादरीतून काढून ताटाशी ठेवला. तो ठेवला तसाच पडून राहिला, बोटं अर्धवट मिटलेली.

"बाबा, हातबी गेला का हो हिचा?" शीतलनं घाबरून बापाच्या कानाशी विचारलं.

जळबानं ताट आपल्याकडं ओढलं, डाळ-भात कालवला, फुंकून निववला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.

सोजराबाईनं तोंड उघडलं.